उरलेली किंमत

नदीच्या वळणावरील टेकडीवर एकदा एक मठ होता, आणि त्या मठाची कोठी अशा एका शिष्याच्या हाती होती, ज्याने कोणत्याही वस्तूची पहिल्यांदा सांगितलेली किंमत आयुष्यात कधी दिली नव्हती. त्याचे नाव दिगंबर.

हा स्वभाव त्याला लोभातून आलेला नव्हता. मठात रोज दुपारी येईल त्याला जेवण मिळे. वाटसरू येत, भिक्षेकरी येत, हातातले काम सुटलेले मजूर येत. लागोपाठ दोन वर्षे पिके बेताची आली आणि देणग्या आटल्या, तेव्हा मठाच्या वृद्ध गुरूंनी सगळ्यांना विचारले होते, "आता पंगत एक दिवसाआड करावी का?" तेव्हा दिगंबर उठून म्हणाला होता, "नको. कोठी माझ्याकडे द्या. मी निम्म्या खर्चात पंगत चालवून दाखवतो."

आणि त्याने ती चालवली. मठामागची मुरमाड जागा त्याने स्वतः खणली. खरकट्या पाण्यावर अळू वाढवले, कुंपणावर दोडका आणि घेवडा चढवला, स्वयंपाकघराच्या छपरावर भोपळ्याचे वेल सोडले. पहाटे उठून तो रोपांना पाणी घाली, पानापानांवरची कीड बोटांनी वेचून काढी. भाजीसाठी बाहेर पैसा जाणे जवळजवळ थांबले.

उरला धान्याचा प्रश्न. त्यासाठी तो नदीकाठच्या आठवडी बाजारात जाई, पण इतरांसारखा सकाळी नाही. बाजार उठायच्या वेळी तो तिथे पोहोचे. कोणाच्या बैलगाडीला लांब जायचे आहे, कोणाचा माल परत नेणे जड आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे तो गप्पागप्पांत काढून घेई. मग त्याच माणसासमोर उभा राही, निम्मा भाव सांगे आणि पाठ फिरवून चालू लागे. चार पावलांत हाक येईच. बाजारातली माणसे त्याला दुरून पाहून हसत आणि जवळ आला की गप्प होत. ते गप्प होणे म्हणजे आपला धाक आहे, असे त्याला वाटे.

एकदा तुरीच्या गोण्या उतरवून घेताना गुरूंनी विचारले होते, "एवढी स्वस्त कशी मिळाली?"

"विकणाऱ्याला घाई होती," दिगंबर म्हणाला.

"कसली घाई?"

"ते मी विचारले नाही, गुरुजी." वास्तविक त्याने विचारले होते आणि त्याला ठाऊकही होते. गुरूंनी पुढे काही विचारले नाही.

त्या वर्षी आषाढात कोठीतली ज्वारी संपत आली. दिगंबर बाजारात गेला तेव्हा दुकाने उठत होती. मल्लाप्पा नावाचा धान्याचा व्यापारी आपल्या पालाखाली उरलेल्या गोण्यांची तोंडे शिवत होता. पावसाने त्याच्या गोदामाचे पत्रे उचकटले आहेत आणि त्याला माल ठेवायला जागा उरलेली नाही, ही बातमी दिगंबरने वाटेतच मिळवली होती.

मल्लाप्पाने भाव सांगितला. दिगंबरने त्याच्या निम्मा सांगितला.

"बुवा, एवढ्यात चांगली ज्वारी परवडत नाही," मल्लाप्पा म्हणाला.

"मग परवडेल तशी द्या," दिगंबर म्हणाला.

मल्लाप्पाचा शिवणारा हात थांबला. त्याने दिगंबरकडे क्षणभर पाहिले. मग पालाच्या मागच्या बाजूच्या गोण्या पुढे ओढल्या. वरची ज्वारी पांढरीशुभ्र होती. दिगंबरने सवयीने हात कोपरापर्यंत आत घातला. आतले धान्य उबदार लागले. बोटे बाहेर काढली तर त्यांना कुबट वास येत होता.

त्याने मान वर केली. मल्लाप्पा त्याच्या हाताकडेच पाहत होता. आता 'हे भिजलेले आहे' असे म्हटले, तर मल्लाप्पा म्हणेल, 'मग चांगले घ्या, चांगल्या भावाने.' एवढा उत्तम सौदा मोडेल. दिगंबरने हात उपरण्याला पुसला आणि गोणीचे तोंड बांधले. मल्लाप्पानेही नजर दुसरीकडे वळवली. पैसे दिले गेले, गाडी भरली गेली. उन्हात पसरू, पाखडू, भाकरी तव्यावर भाजतेच की, अशी मनाची समजूत घालत तो टेकडी चढला.

पण ऊन पडलेच नाही. श्रावण लागला तोच संततधारेने, आणि एका सकाळी नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले. दुपारपर्यंत खालच्या आळ्या बुडाल्या. माणसे मुलांना खांद्यावर घेऊन, शेळ्या ओढत टेकडीवर येऊ लागली. सुबराव नावाचा आडदांड नावाडी आपल्या होडीतून फेऱ्या मारत राहिला आणि मठाच्या ओसरीवर, सभामंडपात, गोठ्यात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. चहूकडे पाणी होते. बाहेरून काही येण्याची आशा नव्हती. जे काही होते ते कोठीत आणि मळ्यात होते.

जुनी ज्वारी त्याच दिवशी संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लाप्पाकडच्या गोण्या फोडल्या. वर आलेल्या बायका आपणहून जात्यांवर बसल्या. थोड्या वेळाने त्यांतली एक दिगंबरला म्हणाली, "बुवा, पिठाला वास येतोय."

"पावसाळी हवा आहे," दिगंबर म्हणाला. "सगळ्यालाच वास येतो."

पहिल्या भाकऱ्या झाल्या, त्या उपाशी पोटी आलेल्या दहा-बारा जणांना लगेच दिल्या. गुरूंनी दिगंबरला हाक मारली. "तूही खाऊन घे. काल सकाळपासून पायांवर आहेस."

"मला आज व्रत आहे, गुरुजी."

"कोणते?"

दिगंबरला पटकन नाव सुचेना. "श्रावणातले," तो म्हणाला आणि मळ्याकडे निघून गेला. तिथे त्याने वाफ्याकडेला बसून दोन कोवळे दोडके कच्चेच खाल्ले.

दुपार होत आली तेव्हा सभामंडपातला एक म्हातारा ओकू लागला. मागोमाग एका बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. कोणी म्हणाले पुराचे पाणी बाधले. दिगंबर पुढे होऊन म्हणाला, "हो, पाणीच. उकळून प्या." आपला आवाज त्याला परक्यासारखा ऐकू आला. गुरू म्हाताऱ्याच्या उशाशी बसले होते. त्यांनी त्याच्या ताटलीत उरलेला भाकरीचा तुकडा उचलला, हुंगला आणि मग मान वळवून दिगंबरकडे पाहिले.

दिगंबर स्वयंपाकघरात गेला. भाकऱ्यांच्या चळती टोपल्यांत रचल्या जात होत्या. आत्ता सांगावे, असे त्याच्या मनात आले. पण सांगायचे म्हणजे काय? बाहेर शेकडो माणसे कालपासून अर्धपोटी होती. टोपल्या परत न्यायच्या, तर त्यांच्यापुढे ठेवायचे काय? शिवाय खरोखर पाणीच बाधले असेल तर? सगळेच धान्य काही खराब नाही. दहा-बारा जणांनी खाल्ली, त्रास दोघांनाच झाला. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना भावाखाली आणले होते. त्या दुपारी तो स्वतःच्या मनाशी घासाघीस करत होता, आणि मन थोडे थोडे खाली येत होते.

पंगत बसली. पाने मांडली गेली. तेवढ्यात सुबरावची होडी टेकडीच्या पायथ्याला लागली आणि शेवटच्या फेरीतली माणसे चिखल तुडवत वर आली. त्यांत मल्लाप्पा होता. अंगावरचे धोतर आणि खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी, एवढेच त्याने वाचवून आणले होते. मुलीने कालपासून काही खाल्ले नव्हते. बायकांनी लगेच पंगतीत जागा करून दिली. मल्लाप्पा बसला. पानावर भाकरी पडली. त्याने तिचा काळपट रंग पाहिला आणि मान वर केली. वाढपाची टोपली हातात धरून दिगंबर समोरच उभा होता.

दोघांची नजर भेटली, आणि दोघांनाही कळले की दुसऱ्याला आठवते आहे.

"वाढणे थांबवा," गुरू म्हणाले.

ते सभामंडपाच्या पायरीवर काठी टेकून उभे होते. ज्वारी कोणाकडून आली ते त्यांना ठाऊक होते, आणि दोघांची ती नजर त्यांनी पाहिली होती. आवाज मोठा नव्हता, पण वाढपी जागच्या जागी थांबले. "दोन पाने इथे माझ्यासमोर मांडा. एका पानावर दिगंबर बसेल. दुसऱ्यावर मल्लाप्पा, तुम्ही या. आधी तुम्ही दोघे जेवा. तुमचे जेवण होईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही."

पंगतीत कुजबुज उठली. लेकरे रडत होती, म्हातारी माणसे पानाकडे डोळे लावून बसली होती, आणि गुरू एका व्यापाऱ्याला आणि आपल्या शिष्याला सर्वांच्या आधी जेवायला बसवत होते. सुबराव नावाडी ओला पटका पिळत पुढे आला. "महाराज, हा कुठला न्याय? रात्रंदिवस पोरं उपाशी हायत. मानपान आज कशाला?"

"मान नाही हा, सुबराव," गुरू म्हणाले. "थोडा वेळ दे."

दिगंबर पानावर बसला. शेजारी मल्लाप्पा बसला. मुलगी त्याच्या मांडीवर होती. पुढे भाकरी आणि अळूचे फदफदे. भाकरीतून वाफ निघत होती आणि त्या वाफेला तोच वास होता, जो त्याने महिन्यापूर्वी उपरण्याला पुसला होता. दिगंबरने भाकरी मोडली. सगळ्या मंडपाचे डोळे त्याच्या हातावर होते. 'खाऊन टाकावे,' त्याला वाटले. 'मी खाल्ले की सगळे खातील आणि प्रश्न मिटेल.' पण घास धरलेला हात गुडघ्यावरून वर उठेना.

मल्लाप्पाही तसाच बसून होता. वडील खात नाहीत हे पाहून मुलीने आपला हात पुढे केला, भाकरीचा तुकडा उचलला आणि तोंडाजवळ नेला. मल्लाप्पाने झडप घालून तो तिच्या हातातून हिसकावला. मुलगी घाबरून रडू लागली.

दिगंबर उठून उभा राहिला.

"भाकरी कोणी खाऊ नका," तो म्हणाला. "ज्वारी भिजलेली आहे. बुरशी धरलेली आहे. घेतानाच मला कळले होते. स्वस्त मिळत होती म्हणून मी बोललो नाही. मघाशी पाणी बाधले म्हणालो, तेही खोटे."

मल्लाप्पा खाली मान घालून म्हणाला, "विकताना मलाही ठाऊक होतं. मठात कोण जेवतं, भिकारी-वाटसरू, असं मनात आणलं आणि गोण्या पुढं केल्या."

एकदम गलका झाला. ज्या बाईच्या पोटात कळा येत होत्या, तिचा भाऊ पाने तुडवत पुढे आला. सुबरावने मल्लाप्पाची मानगूट धरली. "यासाठी तुला बुडत्यातनं काढला व्हय? चल, जिथनं आणला तिथं सोडतो तुला. आन् या बुवालाबी."

गुरू पायरी उतरून आले आणि मधे उभे राहिले. त्यांनी सुबरावच्या मनगटावर हात ठेवला, तेव्हा सुबरावला आपली पकड सैल करावी लागली. म्हाताऱ्या माणसाला ढकलणे त्याला जमले नाही.

"यांना बुडवून कोणाचे पोट भरणार आहे?" गुरू म्हणाले. "माझाही यात वाटा आहे. स्वस्त माल येत होता तेव्हा मी एकदाच विचारले आणि गप्प बसलो. पंगत चालली होती ना, मला तेवढे पुरे होते." मग ते दिगंबरकडे वळले. "दिगंबर, काटकसर चांगली. घासाघीसही वाईट नाही. दोन माणसांनी मिळून खरा भाव शोधायची ती रीत आहे. पण प्रत्येक वस्तूला एक किंमत पडतेच. घेणाऱ्याने ती पुरती दिली नाही, म्हणून ती नाहीशी होत नाही. उरलेली किंमत दुसरा कोणी तरी भरतो. तू दिली नाहीस, मल्लाप्पांनी सोसली नाही. तुम्ही दोघांनी ती या पंगतीतल्या पानांवर वाढलीत. मल्लाप्पांना वाटले, ही पाने परक्यांची आहेत. तुलाही तसेच वाटले असावे, म्हणून तर तू स्वतः जेवला नाहीस."

दिगंबरला वर पाहवेना.

"मळ्यात तू असा नाहीस," गुरू पुढे म्हणाले. त्यांच्या आवाजातली धार आता कमी झाली होती. "तिथे घासाघीस कोणाशी करशील? रोपाला पाणी कमी घातलेस, तर ते तुझ्या डोळ्यांसमोर सुकते, म्हणून तू पुरते घालतोस. बाजारात कमी दिलेले कुठे सुकते, ते दिसत नाही. एवढाच फरक आहे. आता बोलणे पुरे. या माणसांना काय देता येईल ते सांग."

दिगंबरने डोळे पुसले. कोठीत काय आहे, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. "माळ्यावर भोपळे आहेत," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत पुरवायचे म्हणून ठेवले होते. तुरीची डाळ चांगली आहे. तांदूळ थोडे आहेत, ते मुलांना आणि दुखणेकऱ्यांना. अळू, घेवडा आज सगळा खुडू."

"सगळ्या गोण्या खराब नाहीत," मल्लाप्पा हळूच म्हणाला. "कुठल्या भिजलेल्या आणि कुठल्या कोरड्या, ते मी दाखवतो. माझ्या हातनंच शिवल्यात."

त्याला कोणी अडवले नाही. बायकांनी भाकऱ्यांच्या टोपल्या उचलल्या आणि मागे खड्डा करून पुरून टाकल्या, शेळ्यांच्याही तोंडी लागू नयेत म्हणून. भोपळे उतरवले गेले. मोठ्या हंड्यात डाळ आणि भोपळा एकत्र शिजू लागला. कोरड्या गोण्या निघाल्या त्या थोड्याच. त्यांतली ज्वारी सुपांत पसरून माणसे दाणा दाणा निवडू लागली. दिगंबर आणि मल्लाप्पा समोरासमोर बसून निवडत होते. शेजारी सुबराव येऊन बसला. तो अजून रागात होता, पण त्याचे जाडजूड हात चालू होते. संध्याकाळी पंगत बसली, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला वाटीभरच आले. दिगंबरने सर्वांत शेवटी, हंडा खरवडून जे निघाले ते खाल्ले. म्हाताऱ्याचे ओकणे थांबले होते. त्याला पेजेचे पाणी पाजताना दिगंबरने त्याची क्षमा मागितली. म्हातारा थकल्या आवाजात म्हणाला, "पेज गरम हाय, तेवढी पाज आधी."

पाणी ओसरायला बरेच दिवस लागले. मळा ओरबाडून मोकळा झाला. वेलांवर फूलसुद्धा राहिले नाही. माणसे खाली गेली, चिखल उपसू लागली, आणि हळूहळू बाजार पुन्हा भरू लागला.

पहिल्या भरल्या बाजाराला दिगंबर सकाळीच गेला. मल्लाप्पाने उघड्यावरच एक ताडपत्री अंथरून थोड्या गोण्या मांडल्या होत्या. त्याचे गोदाम पुरात वाहून गेले होते, घराची एक भिंत पडली होती, आणि त्याला रोख पैशाची किती निकड आहे, हे कोणी न सांगताही दिसत होते. आजवरच्या नजरेने पाहिले, तर दिगंबरसाठी सौद्याची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. हे त्याला समोर उभे राहताच जाणवले, आणि जाणवले म्हणून त्याची त्यालाच भीती वाटली.

"काय भाव?" त्याने विचारले.

मल्लाप्पाने सांगितला.

"थोडा जास्त होतोय," दिगंबर म्हणाला.

मल्लाप्पाने विचार केला आणि भाव किंचित उतरवला. "याच्याखाली नको, बुवा. याच्याखाली गेलो तर पुन्हा तुमच्याशी खोटं वागावं लागेल."

पाठ फिरवून चालू लागण्याची ही वेळ होती. पाय तसे उचलतही होते. मल्लाप्पा त्याच्या पायांकडे पाहत होता.

"बांधा," दिगंबर म्हणाला.

नेहमीपेक्षा कमी गोण्या आल्या. पंगतीत भाकरी एकेक कमी झाली आणि तिच्या जागी भाजी वाढली. जेवायला येणाऱ्यांपैकी ज्यांच्या अंगात बळ होते, ते जेवणानंतर तासभर मळ्यात राबू लागले; सुबरावने नदीकाठचा गाळ होडीने आणून टाकला, आणि पुढच्या हंगामात मठामागच्या त्या मुरमाड जागेत दुपटीने भाजी पिकली. पण ते नंतरचे.

त्या दिवशी गाडी टेकडी चढून आली, तेव्हा गुरू दारात उभे होते. त्यांनी गोण्या मोजल्या नाहीत. एवढेच विचारले, "महाग पडली का रे?"

"नाही, गुरुजी," दिगंबर म्हणाला. "ज्वारीच्या भावाने ज्वारी मिळाली."

गुरूंनी मान हलवली, काठी भिंतीला टेकवली, आणि पहिल्या गोणीचे एक टोक त्यांनी धरले.